महासंगणक अडतो कोठे?

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून फिरताना दोन आवाज हमखास कानावर येतात. एक यंत्रमागांचा खडखडाट आणि दुसरा खानदेशी वळणाची मराठी बोली. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी निघालेली असंख्य कुटुंबे तापीकाठच्या रेल्वेने येथे आली आणि येथलीच होऊन गेली. त्याच वाटेने खानदेशातून सुरतेस आणखी एक पाहुणा येत असतो. तो म्हणजे पाऊस. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत येणाऱ्या तापीचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात मोडतो. अकोला-बुलढाण्याकडे पूर्णेच्या पात्रात पडलेले पाणी अखेर उकाई धरणात जमा होते आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवरील सुरतेकडे उतरते.

ऑगस्ट २००६ मध्ये या पाण्याने काय केले, हे सुरतकरांस सांगावयास नको. उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक इतका विसर्ग झाला आणि शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. त्या पुराची कारणमीमांसा करणे हा आजच्या भाषणाचा विषय नाही. परंतु त्या पुराने एक गोष्ट सर्वांच्या मनावर कायमची बिंबवली, ती ही की पुराचा अंदाज नुसता बरोबर असून भागत नाही. तो पाण्याच्या आधी पोहोचावा लागतो. आज हे अंदाज महासंगणक करतात. तेव्हा महासंगणकास वेळ कोठे लागतो, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाही, तो नदीकाठच्या प्रत्येक घराचा होतो.

सामान्य समजूत अशी की, संगणकाचा वेळ आकडेमोडीत जातो. सबब अधिक वेगाने आकडेमोड करणारे यंत्र आणले की काम लवकर उरकेल. ही समजूत हवामान आणि पूर यांच्या गणितापुरती तरी बव्हंशी चुकीची आहे. या गणितांत यंत्राचा पुष्कळसा वेळ आकडे हाताळण्यात जात नाही, तर आकड्यांची वाट पाहण्यात जातो.

हे समजण्यासाठी पुन्हा मागांच्या कारखान्याकडे वळू. एका मोठ्या शेडमध्ये शंभर माग आहेत. प्रत्येक मागाच्या धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी लागते. सूत मात्र शेडमध्ये नाही. ते दूरच्या गोदामात आहे आणि तेथून एका अरुंद बोळातून हातगाडीवर येते. माग झपाट्याने चालतात, कांडी चटकन संपते आणि पुढची कांडी बोळात अडकलेली असते. अशा वेळी मालकाने आणखी शंभर माग विकत घेतले तर काय होईल? कापड पूर्वीइतकेच निघेल आणि थांबलेल्या मागांची संख्या मात्र वाढेल. संगणकात आकडेमोड करणारा प्रोसेसर म्हणजे हे माग. त्याची मुख्य स्मृती, जिला आपण मेमरी म्हणतो, ती म्हणजे गोदाम. आणि या दोहोंमधील वाट म्हणजे तो बोळ. फोरट्रान भाषेचे प्रमुख निर्माते जॉन बॅकस यांनी १९७७ च्या आपल्या ट्यूरिंग पुरस्कार व्याख्यानात याच वाटेस बॉटलनेक, म्हणजे बाटलीचा गळा, असे संबोधिले होते.

ही स्थिती प्रारंभापासून नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० अंशांचा होता. आजच्या परिभाषेत ती अवघी दहा किलोबाइट भरते. बारीक फेराइट कड्यांमधून तारा ओवून ती तयार केली जात असे, म्हणजे तीही एका अर्थाने ताण्या-बाण्याचेच काम होते. त्या काळी आकडेमोड स्वतःच संथ असल्यामुळे स्मृती आणि गणक बरोबरीने चालत. पुढे अर्धवाहकांचे युग आले. गणकाची चाल वर्षागणिक भराभर वाढली. स्मृतीचा साठाही अफाट वाढला, परंतु तिच्याकडून उत्तर येण्याचा वेग त्या मानाने फारच थोडा वाढला. दोघांतील हे अंतर एक दिवस भिंतीसारखे आडवे येईल, असा इशारा अमेरिकेतील वुल्फ आणि मॅकी या संशोधकांनी १९९५ मध्ये दिला. आज ती भिंत उभी आहे. आधुनिक प्रोसेसर एका सेकंदात सुमारे तीन अब्ज ठोके घेतो आणि मुख्य स्मृतीकडून मागविलेला आकडा हाती येईपर्यंत त्याचे दोन-तीनशे ठोके निघून जातात.

यावर उपाय म्हणून प्रोसेसरच्या अगदी निकट एक लहान, चपळ स्मृती ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात; रोकडीशी तिचा संबंध नाही. मागापाशी ठेवलेल्या कांड्यांच्या टोपलीसारखी ती असते. तीतील आकडा चार-पाच ठोक्यांत मिळू शकतो. परंतु टोपली लहान असते. एकदा आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरावयाचा असेल तर टोपलीचा मोठा उपयोग. एकदाच वापरून टाकून द्यावयाचा असेल तर टोपली असून नसल्यासारखीच.

आणि दुर्दैवाने हवामान व पूर यांची गणिते या दुसऱ्या वर्गात मोडतात. या गणितात प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील स्थिती शेजारच्या चार चौकोनांवरून काढतात आणि पुढच्या चौकोनाकडे जातात. दर चौकोनामागे थोडी बेरीज-वजाबाकी, थोडे गुणाकार, की लागलीच नवे आकडे हवे असतात. जपानच्या फुगाकू या महासंगणकाचे उदाहरण बोलके आहे. आकड्यांचा पुनर्वापर भरपूर असलेल्या प्रचलित कसोटीत त्याने सेकंदाला ४४२ पेटाफ्लॉप्सचा वेग गाठला. पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्ये. परंतु स्मृतीवर भार टाकणाऱ्या, निसर्गविज्ञानातील गणितांशी अधिक साम्य असलेल्या दुसऱ्या कसोटीत तेच यंत्र १६ पेटाफ्लॉप्सवर आले. म्हणजे शंभरांत चारही नाही. आणि या दुसऱ्या कसोटीत फुगाकूने काही वर्षे जगात पहिला क्रमांक राखला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता सुरतेचेच एक गणित कागदावर मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण तर्क खरा आहे. समजा, शहराचे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्र दहा मीटरांच्या चौकोनांत विभागले. एका चौरस किलोमीटरात दहा हजार चौकोन, म्हणजे एकूण तीस लाख. प्रत्येक चौकोनाचे पाच आकडे ठेवावे लागतील: पाण्याची खोली, दोन दिशांचे दोन वेग, जमिनीची उंची आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा. प्रत्येक आकड्यास आठ बाइट. त्यांपैकी पहिले तीन आकडे दर पावलास बदलून परत लिहावयाचे. म्हणजे दर चौकोनामागे चाळीस बाइट आणावयाचे आणि चोवीस बाइट परत न्यावयाचे, एकूण चौसष्ट. तीस लाख चौकोनांस एका पावलात सुमारे एकोणीस कोटी वीस लाख बाइटांची ने-आण झाली. संगणकाची वाट सेकंदास २०० अब्ज बाइट वाहून नेणारी आहे असे धरले, तर या ने-आणीस जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागेल. आता आकडेमोड पाहा. दर चौकोनास शंभर क्रिया धरल्या तर एकूण तीस कोटी क्रिया. सेकंदास दोन हजार अब्ज क्रिया करणाऱ्या प्रोसेसरला त्या करावयास सहस्रांश सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. उरलेले सहा हिस्से तो स्वस्थ बसून असतो. त्याच्या दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर तो अधिक वेळ स्वस्थ बसेल, इतकेच.

यातूनच निदानाची पहिली कसोटी निघते. यंत्रापाशी दर बाइटामागे किती क्रियांची ताकद आहे, ते पाहावे. आपल्या उदाहरणात ती दहा आहे. आपला कार्यक्रम दर बाइटामागे किती क्रिया करतो, ते मोजावे. तो जेमतेम दीड करतो. कार्यक्रमाचा आकडा यंत्राच्या आकड्याहून लहान असेल, तर अडचण स्मृतीची आहे असा दाट संशय घ्यावा. विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी २००९ मध्ये हाच विचार एका साध्या आलेखात मांडला. घराच्या छपराप्रमाणे आधी चढती आणि मग सपाट होणारी ती रेषा असल्यामुळे तिला रूफलाइन असे नाव पडले. चढत्या भागात असलात तर वाट रुंद करा अथवा ओझे कमी करा. सपाट भागात असलात तरच वेगवान गणक घ्या, असा तिचा साधा उपदेश आहे.

परंतु संशय म्हणजे निदान नव्हे. वैद्य जसा नाडी, जीभ आणि डोळे तिन्ही पाहतो, तद्वत येथेही दोन-तीन परीक्षा कराव्यात. पहिली परीक्षा आकाराची. तीस लाखांऐवजी तीन लाख चौकोनांचे गणित चालवून पाहावे. एवढे आकडे टोपलीत, म्हणजे कॅशमध्ये, मावू शकतात. दर चौकोनामागील वेळ एकदम घटला, तर मोठ्या गणितातील दोष गोदामाच्या वाटेत आहे. दुसरी परीक्षा हातांची. प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात. एक, दोन, चार, आठ, सोळा अशा क्रमाने गाभे कामास लावावेत. आठपर्यंत वेळ निम्मा-निम्मा होत गेला आणि पुढे सोळा लावले तरी जागचा हलेना, तर आठ गाभ्यांनीच बोळ भरून टाकला असावा. तिसरी परीक्षा गमतीची आहे. प्रोसेसरचा ठोका मुद्दाम पाव हिश्शाने संथ करावा. तरीही काम पूर्वीइतक्याच वेळात होत असेल, तर वेग वाया जात होता याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

यांपैकी एकाच परीक्षेवर विसंबू नये. गाभे वाढवूनही वेळ घटत नाही याचे कारण कामाची विषम वाटणीही असू शकते. एका गाभ्यास नदीचे पात्र आणि दुसऱ्यास कोरडी जमीन आली, तर दुसरा रिकामा बसणारच. म्हणून अखेरीस प्रत्यक्ष मोजमाप करावे. प्रोसेसरच्या आत घटना मोजणारे सूक्ष्म गणित्र असतात. किती वेळा आकडा टोपलीत सापडला नाही, किती ठोके वाट पाहण्यात गेले, किती बाइट वाटेने गेले, हे सारे ते सांगतात. आणि वाटेची खरी क्षमता किती, हे मोजण्यासाठी स्ट्रीम नावाची एक छोटी, सर्वमान्य चाचणी आहे. ती रचणारे जॉन मॅकॅल्पिन हे मूळचे सागरविज्ञानाचे अभ्यासक. समुद्राच्या प्रवाहांची गणिते करणाऱ्यास आकडेमोडीपेक्षा ने-आणीचा जाच अधिक भोवतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

या मोजमापातून रोगाचा प्रकारही कळतो. आपला कार्यक्रम स्ट्रीमच्या आकड्याजवळ पोहोचला असेल, तर वाट पूर्ण भरलेली आहे. ही रुंदीची तक्रार. तो आकड्यापासून दूर असूनही गाभे खोळंबलेले असतील, तर आकडे विस्कळीत ठिकाणांहून एकेक करून मागविले जात आहेत. ही विलंबाची तक्रार. आणि स्मृती अपुरी पडून आकडे थेट तबकडीवर ठेवण्याची पाळी आली असेल, तर ती साठ्याची तक्रार. तिन्हींचे औषध वेगळे आहे. साठ्याची तक्रार नसताना अधिक मेमरी विकत घेणे म्हणजे बोळ अरुंद असताना गोदाम वाढविण्यासारखे आहे. उलट, कित्येकदा वाटा आठ असतात आणि त्यांतील चारांवरच मेमरीच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. तेथे उरलेल्या चार जागा भरल्या की रुंदी दुप्पट होते. हे पाहण्यास झाकण उघडण्यापलीकडे फारसे कष्ट लागत नाहीत.

आता उपचार. मुख्य स्मृतीतून आकडा एकटा येत नाही. चौसष्ट बाइटांचे, म्हणजे आठ आकड्यांचे, गाठोडे येते. फोरट्रान भाषा आकडे स्तंभाने लावून ठेवते, तर सी भाषा ओळीने. लिहिणाऱ्याने हा क्रम ओळखून त्याच दिशेने चालावे. आडव्या दिशेने चालल्यास दर गाठोड्यातील एकच आकडा वापरला जाऊन सात फुकट जाऊ शकतात. आपल्या सुरतेच्या गणितात याची किंमत मोजून पाहा. अर्ध्या सेकंदाचे एक पाऊल धरले, तर अठ्ठेचाळीस तासांच्या पुरास ३,४५,६०० पावले लागतात. नीट रचलेल्या कार्यक्रमास ती सुमारे साडेपाच मिनिटांत चालता येतील. गाठोडी वाया घालविणाऱ्या कार्यक्रमास पाऊण तास. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडावे, हे ठरविण्यासाठी एक गणित पुरत नाही. पावसाच्या आणि विसर्गाच्या पन्नास शक्यता तपासावयाच्या म्हटल्या, तर पहिल्या कार्यक्रमास साडेचार-पाच तास लागतील आणि दुसऱ्यास दीड दिवस. तोवर पाणी उकाईहून निघून चौकबाजारात पोहोचलेले असेल.

दुसरा उपचार फेऱ्या वाचविण्याचा. खोलीसाठी एक फेरी, एका वेगासाठी दुसरी, दुसऱ्या वेगासाठी तिसरी, असे न करता एकाच फेरीत तिन्ही उरकावे. शहराचा एक तुकडा टोपलीत आणला की शक्य तितकी पावले तेथेच उरकून मग पुढचा तुकडा घ्यावा. तिसरा उपचार वाटणीचा. मोठ्या संगणकात दोन प्रोसेसर असतील, तर प्रत्येकाचे गोदाम निराळे असते आणि बहुधा जो गाभा आकडा प्रथम लिहितो त्याच्या गोदामात तो जाऊन बसतो. आरंभी एकाच गाभ्याने सर्व आकडे भरले, तर सगळा माल एका गोदामात साठतो आणि दुसऱ्या बाजूच्या गाभ्यांना तो लांबून आणावा लागतो. ज्याचे शेत त्याने पेरावे, हाच येथील नियम.

चौथा उपचार विचारपूर्वक करावयाचा आहे. आठ बाइटांच्या आकड्यात पंधरा-सोळा अंकांची अचूकता असते. चार बाइटांच्या आकड्यात सुमारे सातांची. जमिनीची उंची आपल्यालाच सोळा अंकांपर्यंत ठाऊक नाही. मग तेवढे अंक वाहून नेण्यात काय हशील? युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राने २०२१ मध्ये आपल्या अंदाजाच्या गणितात हा बदल केला आणि वाचलेल्या वेळात वातावरणाचे थर अधिक बारकाईने मांडले. मात्र मोठ्या आकड्यात अतिसूक्ष्म भर घालताना ती हरवून जाण्याचा धोका असतो. म्हणून जुन्या पुराच्या नोंदींशी उत्तर ताडून पाहिल्याखेरीज हा बदल करू नये.

श्रोतेहो, आपल्या देशाने महासंगणकांवर थोडा खर्च केलेला नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये सुमारे चार पेटाफ्लॉप्सचा प्रत्युष आला आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा अर्क. त्या बळावर २०२५ मध्ये हवामानाच्या अंदाजाचे चौकोन बारा किलोमीटरांवरून सहा किलोमीटरांवर आणले गेले. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट होते. ही आठपट मजल केवळ यंत्राच्या ताकदीवर मारता येत नाही. सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तापीच्या खालच्या टप्प्यातील पुराची गणिती प्रारूपे केली आहेत. अशा कामांत प्रवृत्त होणाऱ्या तरुणांनी नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी हातातले यंत्र कशासाठी थांबले आहे, हे पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

मागाचा जुना जाणकार कारागीर शेडमध्ये शिरताच प्रथम माग मोजत नाही. तो कान देऊन ऐकतो की कोणता माग बंद आहे, आणि मग तो मोडला आहे की त्याला कांडी मिळालेली नाही, ते पाहतो. महासंगणकापुढे बसणाऱ्याने एवढेच शिकावयाचे आहे. त्याने वाचविलेला एकेक तास तापीकाठच्या एखाद्या घराला सामान माळ्यावर चढविण्यासाठी आणि म्हाताऱ्या माणसांना उंचावर नेण्यासाठी मिळणार असतो.